कागदावर बसलेला माणूस

वाक्य अर्ध्यावर सोडून लेव्ह अर्कादियेविच थांबले, आणि पडद्यामागच्या खुर्चीत बसलेल्या शोभनाचं बोट ओळीवर थांबलं. हे थांबणं संहितेत नव्हतं. संहिता तिच्या मांडीवर होती. जिथं थांबायचं तिथं त्यांनी निळ्या पेन्सिलीनं उभ्या रेघा मारलेल्या होत्या, छोट्या विरामाला एक, मोठ्याला दोन. या ओळीच्या आसपास एकही रेघ नव्हती. घडीच्या पडद्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून तिला त्यांचा डावा खांदा, डावा हात आणि राखाडी कोटाचं मधलं बटण दिसत होतं. त्यापलीकडे शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या वाचनालयाचा हॉल होता, शनिवारची दुपार होती, आणि आसपासच्या उपनगरांतून आलेली रशियन म्हातारी माणसं ओव्हरकोट मांडीवर घेऊन बसली होती. तरुणपणी ज्याच्यावर जीव टाकला तो नट एकदा शेवटचा बघून घ्यावा, म्हणून ती सगळी आली होती. प्रयोगही त्याच्याच आयुष्याचा होता: रंगभूमीवर आणि सिनेमात जन्म काढलेल्या एका माणसानं, ऐंशी उलटल्यावर, एकट्यानं उभं राहून सांगितलेली आपली गोष्ट. पडद्यामागे एक मराठी बाई त्याला शब्द पुरवायला बसलेली आहे, हे त्या हॉलमध्ये फक्त त्याच्या नातीला, आन्याला, ठाऊक होतं. प्रेक्षकांपैकी कुणाला कळता कामा नये, एवढी एकच अट म्हाताऱ्यानं घातली होती.

खूण ठरलेली होती. शब्द हरवला की डाव्या हाताचा अंगठा मधल्या बटणावर जाणार. मग शोभनानं पुढच्या ओळीचे पहिले दोन शब्द द्यायचे, हलक्या, सपाट आवाजात, श्वास सोडल्यासारखे. हात खाली असेल तर विराम त्यांचा. त्यात तोंड घालायचं नाही. औषधांच्या कंपनीत पृथक्करणाच्या प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत काम केलेल्या शोभनाला ही व्यवस्था पसंत पडली होती, कारण तीत अंदाजाला जागा नव्हती. आत्ता हात खाली होता. नियमाप्रमाणे तिनं गप्प बसायला हवं होतं. पण नियमातली फट तिला आत्ता दिसली, आणि ती आधी कशी दिसली नाही याचं तिला नवल वाटलं. ज्याची स्मृती दगा देणार त्यानंच खूण करायची, आणि खूण ठेवलेली त्याच स्मृतीत. यंत्र बिघडलं की दिवा लागेल म्हणायचं, आणि दिव्याची तार मात्र त्याच यंत्रातून न्यायची. हात बटणाकडे गेला नाही, याचा अर्थ ते विसरलेले नाहीत असा होत होता. ते बटणसुद्धा विसरले असाही होत होता. दोन्ही अर्थ त्या लोंबत्या हातात सारख्याच वजनानं मावत होते.

पहिल्या भेटीतही तिला त्यांच्याबद्दल असाच निष्कर्ष काढावा लागला होता, आणि तो साफ चुकला होता. गेल्या पानगळीत, याच इमारतीच्या तळमजल्यावर, परत आलेली पुस्तकं लावून ती निघाली होती. नवरा, रवींद्र, गेल्यापासून मंगळवारचं हे काम तिनं स्वतःहून मागून घेतलं होतं, कारण घरात पुस्तकं होती पण ती परत द्यायला कुणी येत नव्हतं. समोर एका उंच म्हाताऱ्याच्या हातून कागदांचा गठ्ठा निसटला. त्यानं वाकून तो उचलला नाही. त्यानं कागदांकडे पाहिलं, कोटाचे सोगे सावरले, भिंतीला धरून हळूहळू खाली गेला आणि त्या कागदांवर बसला. पक्षाघात, शोभनाच्या मनात आलं. ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि शिकवल्याप्रमाणे इंग्रजीत म्हणाली, "हसून दाखवा. आता दोन्ही हात वर करा." तो हसला. दोन्ही हात त्यानं असे उचलले की पुस्तकं चाळणारी दोन माणसं वळून पाहू लागली. अशा हसण्यावरून मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूबद्दल काहीही सिद्ध होत नव्हतं.

"अ‍ॅम्ब्युलन्स नको," तो म्हणाला. "आमच्याकडे भूमिकेचे कागद हातून पडले तर नटानं आधी त्यांच्यावर बसायचं असतं. मग उचलायचे. नाहीतर भूमिका सोडून जाते."

"आणि हे तुम्ही मानता?"

"मानत नाही. बसतो."

बसला खरा, पण उठता येईना. तिनं हात दिला, स्वतःच्या गुडघ्याची कुरकुर ऐकली, आणि तो उभा राहिल्यावर खालचे कागद गोळा करताना वरच्या पानाची पहिली ओळ तिच्या तोंडून मोठ्यानं वाचली गेली. चाळीस वर्षांत तिनं एकही रशियन अक्षर उच्चारलं नव्हतं. पीएच.डी.ला एक परदेशी भाषा सक्तीची होती आणि त्या काळी रसायनशास्त्राची निम्मी जर्नलं रशियनमध्ये येत. तिची रशियन तेवढीच होती: द्रावण, अवक्षेप, उकळबिंदू, मंद आचेवर ढवळा. कुणाला मनातलं सांगण्याइतकी ती येत नव्हती, पण ती अडचण तिला मराठीतही होती. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. "अजून वाचा," तो म्हणाला. तिनं वाचलं. "तुम्ही अजिबात अभिनय करत नाही," तो म्हणाला, आणि ही तक्रार नसून शोध आहे हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

मग नावाची गोष्ट झाली. रशियनमध्ये वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. नावापुढे बापाचं नाव लावतात. लेव्ह अर्कादियेविच, म्हणजे अर्कादीचा लेव्ह. "तुमच्या वडिलांचं नाव काय?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, दिगंबर. "शोभना दिगंबरोव्ना," ते म्हणाले, आणि किंचित झुकले. लग्नाच्या दिवशी तिच्या नावातून ते नाव निघालं, तिथं रवींद्रचं आलं. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. सगळ्यांचंच तसं होत असे. पासपोर्टवर, पगाराच्या चेकवर, नागरिकत्वाच्या शपथेला, शेवटी रवींद्रच्या मृत्यूच्या दाखल्यावर, सगळीकडे ती शोभना रवींद्र होती. आणि शिकागोच्या एका उपनगरात, पुस्तकं परत करायच्या खिडकीपाशी, एका परक्या म्हाताऱ्यानं तिचे बाबा तिच्या नावाशेजारी परत आणून ठेवले. गाडीत बसल्यावर तिनं बराच वेळ किल्ली फिरवली नाही. मग 'शोभना दिगंबरोव्ना' असं एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि गाडी सुरू केली.

नटाला वाचून दाखवायला माणूस का हवं, ते पुढं आन्यानं सांगितलं. ती विमा कंपनीत होती, बोलणं मुद्देसूद. शोभनाला ती आवडली. आजोबांची बायको, वेरा, उरलमधल्या त्यांच्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होती. तिथं रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक पेटी असे, प्रेक्षकांना पाठ केलेली, आणि तीत बसून ती नटांना शब्द देई. लग्नानंतर ती पेटी जणू घरी आली. ते मुलाखतीत अडखळले की ती मागून पुटपुटे. अमेरिकेत आल्यावर किराणा दुकानात कोथिंबिरीला काय म्हणतात ते त्यांच्या कानात सांगे. दोन वर्षांपूर्वी ती वारली, आणि त्यानंतर शब्द गळायला लागले. वयानं की तिच्या नसण्यानं, डॉक्टरांना सांगता येईना. "हा प्रयोग कॅन्सल करावा असं माझं मत आहे," आन्या म्हणाली. "त्या लोकांसमोर तो एकदा जरी ब्लँक झाला ना, तर घराबाहेर पडणार नाही. आय नो हिम. आणि त्यांच्या लक्षातही फक्त तेवढंच राहील." शोभनानं विचारलं, "आणि कॅन्सल केला तर?" आन्यानं कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "तरीही घराबाहेर पडणार नाही."

हिवाळाभर ती त्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचं आयुष्य ऐकत राहिली, तेच तेच, तेच शब्द. व्होल्गाकाठचं गाव, बापाचं शिंप्याचं दुकान, नाट्यशाळेच्या परीक्षेला भावाचे बूट. मग तो सिनेमा, ज्यानं त्यांना देशभर ओळख दिली: उत्तरेच्या बर्फात एकट्यानं हवामानाच्या नोंदी घेणारा निरीक्षक. शोभनानं तो इंटरनेटवर शोधून पाहिला. त्यातलं प्रेम तिला कळलं नाही, तापमान मात्र सगळं कळलं. आणि थर्मामीटर वाचताना या माणसानं डोळा पाऱ्याच्या बरोबर पातळीत आणला होता हे पाहून तिला त्यांच्याविषयी जो आदर वाटला तो टिकाऊ होता. मग देश मोडला, ते इकडे आले. काही वर्षं पहाटे पाव पोचवण्याची गाडी चालवली. मग अमेरिकन सिनेमांत कामं मिळाली, बहुधा मरण्याची. "तीन वेळा गोळी, एकदा विष," ते सांगत. "रशियन माणसाला इथं फार बोलू देत नाहीत, पण मारतात नीट." आणि या सगळ्या आयुष्याभर ते आभार मानत जात. दिवे लावणाऱ्याचे, कोट शिवणारीचे, पावाच्या बेकरीवाल्याचे, ज्या दिग्दर्शकानं काढून टाकलं त्याचेसुद्धा. शोभनाला ते पटत नसे. एकदा तिनं सांगून टाकलं. "यात नमुना चुकीचा आहे, लेव्ह अर्कादियेविच. ज्यांचं बरं झालं तेच आभार मानायला उरतात. ज्यांचं वाईट झालं ते मोजणीतच येत नाहीत."

त्यांनी चहात मुरंबा ढवळला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणून तर उरलेल्यांनी करायचं. दुसरं कोण करणार?"

तिचा मुद्दा तिच्यावरच उलटला होता, तरी तिला त्याचा राग आला नाही, हे तिनं नोंदवून ठेवलं. रविवारी रेडमंडहून मुलाचा, शार्दूलचा, फोन आला. "आई, तुला रशियन येतं? यू नेव्हर टोल्ड मी, यार."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि मला प्रयोगशाळेतल्या टायट्रेशनपुरतंच येतं."

"मग तू तिथं एक्झॅक्टली करतेस काय?"

"एक माणूस बोलतो. मी गप्प बसते," ती म्हणाली. "अवघड काम आहे." मराठी मंडळातल्या अस्मिताला कुठून तरी कळलं. "काकू, आमच्या गणपतीच्या नाटकाला तुम्हाला किती विचारलं प्रॉम्प्टिंगसाठी, तेव्हा नाही म्हणालात." शोभना म्हणाली, "तुमच्यात पाठ कुणी करतच नाही गं. विसरायला आधी यावं लागतं."

आत्ता हॉलमध्ये, समोरच्या खुर्च्यांत, कुणीतरी खोकलं. खोकला हा पहिला पुरावा असतो, लेव्ह अर्कादियेविचांनी तिला शिकवलं होतं. लोक नटाबरोबर श्वास धरतात, आणि नट हरवला की सोडतात. पण एका खोकल्यावरून काय ठरवणार. फेब्रुवारी होता, निम्मा हॉल सर्दीनं भरलेला असणार. ती ओळीकडे पाहत होती. ओळ वेराची होती. 'त्या पेटीतून मला फक्त एक हात दिसायचा', इथून वेराची गोष्ट सुरू होई, आणि स्वयंपाकघरातल्या तालमींत ते इतर शंभर ठिकाणी अडखळले होते, इथं कधीच नाही. म्हणजे हा विसर नव्हे, दुःख आहे. किंवा दुःख नव्हे, विसर आहे, आणि तो नेमका इथं आला आहे कारण तो इथं येणार नाही असं दोघांनी धरलं होतं. दुःख असेल तर तिच्या दोन शब्दांनी ती एका माणसाच्या शोकात पाय टाकणार होती. विसर असेल तर ती त्याला सगळ्यांदेखत बुडू देत होती. 'कागद बघू नका,' ते म्हणत, 'मला बघा.' ती बघत होती. खांदा. हात. बटण. तिला काहीच दिसत नव्हतं.

आणि मग तिला अमरावतीच्या घराची ओसरी दिसली, उन्हानं तापलेली, आणि हातात रशियनचं क्रमिक पुस्तक धरून बसलेले बाबा. बाबा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. जर्मन सगळेच घेतात, तू रशियन घे, असं म्हणून त्यांनीच तिला या भाषेत ढकललं, आणि मग धडा म्हणवून घ्यायला घरात कुणी नाही म्हणून स्वतः ती अक्षरं शिकले, नुसती अक्षरं. एकाही शब्दाचा अर्थ त्यांना कधी कळला नाही. ती विभक्त्या म्हणे, ते बोट ठेवून जुळवत. ती अडली की ते थांबत. ते किती थांबत! आई आतून म्हणे, अहो सांगून टाका ना तिला. ते सांगत नसत. पण जेव्हा तिला खरंच येत नसे, तेव्हा मात्र नेमका त्या क्षणी ते पहिलं अक्षर देत. आधी नाही, नंतर नाही. ते कसं कळतं म्हणून तिनं एकदा विचारलं होतं. "तू आठवत असतेस तेव्हा तुझी बोटं चालू असतात," बाबा म्हणाले होते. "काहीतरी चोळत असतात. आठवणं संपलं की ती थांबतात. मी पुस्तकात बघत नाही, तुझ्या बोटांकडे बघतो."

शोभनानं फटीतून त्यांच्या बोटांकडे पाहिलं. हिवाळाभर तिनं ती पाहिली होती. निळ्या रेघेच्या प्रत्येक विरामात तर्जनी अंगठ्याच्या कडेवरून फिरत असे, कापडाचा पोत तपासणाऱ्या शिंप्यासारखी. तिनं ते पाहिलं होतं आणि कुठंही नोंदवलं नव्हतं. आत्ता तर्जनी स्थिर होती. अंगठा स्थिर होता. तो हात कुणाचाच नसल्यासारखा लोंबत होता.

ती ओळ द्यायला पुढं झुकली, आणि मांडीवरचे कागद घसरले. एकामागून एक, सगळे, लाकडी फरशीवर, हॉलभर ऐकू जाईल एवढा आवाज करत. ओळ कुठल्या पानावर होती ते पान पालथं पडलं होतं. त्या क्षणी करण्यासारख्या बऱ्याच शहाण्या गोष्टी होत्या. खुर्चीतून उठणं, पानं चाळणं, चष्मा सावरणं. शोभनानं साडीचा पदर सावरला, खुर्चीचा हात धरला, आणि कुरकुरत्या गुडघ्यांनिशी खाली जाऊन त्या कागदांवर बसली. ती ते मानत नव्हती. ती बसली.

आता तिच्या हातात काही नव्हतं. फटसुद्धा वर राहिली होती. समोर पडद्याची तपकिरी फळी होती फक्त. खालून कुजबुज पोचणार नाही, हे साधं ध्वनिशास्त्र होतं. म्हणून ती बोलली, धडा म्हणताना बोलावं तशी, स्वच्छ, मोठ्यानं, स्वराचा एकही चढउतार न करता. आणि दोन शब्दांवर थांबली नाही, कारण तिला आढळलं की पुढचे शब्द आहेत, सगळे आहेत, एकही अवक्षेप नाही की उकळबिंदू नाही, तरी आहेत. "त्या पेटीतून मला फक्त एक हात दिसायचा," शोभना रशियनमध्ये म्हणाली. "बाकी सगळा अंधार. पण हात होता म्हणून मी बोलत गेलो."

हॉल निःशब्द झाला. ही शांतता वेगळी होती, मघाच्या शांततेहून घट्ट. दोन द्रवांची घनता डोळ्यांनी सांगता येते तितकं तिला ते सांगता आलं. आपण सगळं उघडं पाडलं, तिला वाटलं. प्रत्येकानं ऐकलं. मग बुटांचा आवाज झाला. ते पडद्याकडे वळले होते.

"हो," लेव्ह अर्कादियेविच म्हणाले. "हात होता." आवाज भरलेला होता, पण त्यातलं वजन जागेवर होतं. "डावा. करंगळीला शाईचा डाग." आणि ते पुढं निघाले, वेराच्या लग्नातल्या उसन्या ड्रेसकडे, पेटीत तिच्या पायाशी ठेवलेल्या विटेकडे, जी हिवाळ्यात चुलीवर तापवून तिथं ठेवत, आणि शोभना फरशीवर बसून, हातात एकही कागद नसताना, ओठ न हलवता त्यांच्याबरोबर शब्दन् शब्द चालत राहिली. पुन्हा ते अडले नाहीत. अडले असते तर तिच्यापाशी शब्द होते. हे तिला कळलं आणि तिला एकदम हलकं वाटलं. या हलकेपणाचे आभार कुणाचे, हा प्रश्न तिला पडला. आणि नेहमीप्रमाणे तो अर्थहीन म्हणून निकालात काढण्याऐवजी तिनं यादृच्छिक क्रमानं काही नावं घेतली. बाबा. ज्याला परीक्षेत भावाचे बूट मिळाले तो मुलगा. एक बाई, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं, शाईच्या डागाची. विद्यापीठाचा तो मूर्ख नियम, परदेशी भाषा सक्तीची करणारा. रवींद्र, ज्यानं तिच्या गप्प बसण्याला एकदाही नाव ठेवलं नाही. नमुना चुकीचा होता, मान्य. उरलेल्यांपैकी ती एक होती.

टाळ्या संपता संपेनात. खुर्च्या सरकल्या, पडद्याच्या पलीकडे माणसं बोलायला लागली, आणि एका बाईचा रडवेला आवाज तिला स्पष्ट ऐकू आला: "आणि तो पेटीतून आलेला आवाज. कसलाही अभिनय नाही, नुसते शब्द. वेराच. कशी कल्पना सुचली असेल त्याला." आन्या पडद्याआड डोकावली, शोभनाला जमिनीवर पाहून घाबरली, आणि पहिल्यांदा तिनं मुद्देसूद काही न बोलता नुसतं तोंडावर हात ठेवला. "मला काही झालेलं नाही," शोभना म्हणाली. "हसून दाखवू का?"

मग ते आले. कोटाला कुणीतरी फूल लावलं होतं, कपाळावर घाम होता. त्यांनी खाली पाहिलं: पसरलेली पानं, त्यावर ठाण मांडून बसलेली शोभना.

"एक विचारू, लेव्ह अर्कादियेविच? मघाशी तुम्ही विसरला होतात, की थांबला होतात?"

"कुठं?" ते म्हणाले.

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो साठ वर्षं कामावर असलेला चेहरा होता. त्यावरून काहीही सिद्ध होण्यासारखं नव्हतं. तिनं बोटांकडे पाहण्याचं टाळलं. तिला उठवायला त्यांनी हात पुढं केला, मग त्याचा भरवसा नाही असं बहुधा दोघांच्याही लक्षात आलं, आणि त्यांनी तो मागं घेतला, कोटाचे सोगे सावरले, पडद्याची फळी धरली आणि हळूहळू खाली यायला लागले.

"जरा सरका, शोभना दिगंबरोव्ना," ते म्हणाले. "भूमिका माझीही आहे."

ती सरकली.